शिंगांची पैज

पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्य कोपऱ्यात, डेलावेअर नदीच्या अंगाने, पाइक काउंटी आहे. ऑक्टोबर निम्मा झाला की न्यू जर्सीतली मराठी कुटुंबं डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी भरून पोकोनोच्या डोंगरात पानं बघायला येतात, ती याच बाजूला. रस्त्यावरून जे लाल-पिवळं रान दिसतं त्यातलं बरंचसं खासगी आहे, आणि त्या खासगीत शिकारी क्लबांचा वाटा चांगला मोठा. ब्लूमिंग ग्रोव्हचा क्लब तर १८७१ चा. त्याच्या संस्थापकांपैकी चार्ल्स हॅलॉक यांनी दोनच वर्षांनी ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ हे शिकारीचं आणि मासेमारीचं नियतकालिक काढलं. नाद जुना, आणि त्यावर लिहिण्याची हौसही तितकीच जुनी.

त्या बड्या क्लबापुढे आमचा क्लब अगदीच साधा. एक तळं, एक क्लबहाउस, तळ्याभोवती सभासदांची घरं आणि घरांच्या पाठीमागे सामाईक मालकीचं शिकारीचं रान. सभासदांत प्लंबर आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत, शाळेच्या बसचा ड्रायव्हर आहे. आम्ही घर घेतलं ते तळ्याच्या मोहाने. पण इथे राहायला लागल्यावर माझ्या नवऱ्याने शिकारीचा अभ्यासक्रम पुरा करून परवाना काढला, आणि आता तो ‘आमचं रान’ असं म्हणतो.

यंदा सप्टेंबरपासून थँक्सगिव्हिंगपर्यंत त्याच्या आत्या आमच्याकडे होत्या. अमरावतीला वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजलेल्या. मटण खातात, त्यामुळे वाद अहिंसेचा होणार नाही हे मला ठाऊक होतं. तो कशाचा होईल याचा मात्र अंदाज नव्हता.

आत्या : तुमच्या क्लबाच्या फळ्यावर काय काय लावलंय ते वाचून आले. तळ्याचं पाणी उतरवणार, हॅलोवीनला पोरांना खाऊ, पक्ष्यांच्या दाण्याचे डबे काढून ठेवा, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये शिकाऱ्यांना पहाटे चारपासून नाश्ता. आणि सगळ्यात खाली शिंगांची पैज. माणशी पाच डॉलर, ज्याच्या हरणाची शिंगं मोठी त्याला सगळी रक्कम. हे काय रे?

भाचा : गंमत असते गं. पैजा आपल्याकडे लागत नाहीत? आपला शंकरपट?

आत्या : शंकरपटातला बैल संध्याकाळी घरी येतो.

भाचा : बरं, पैज बाजूला ठेव. बाकीचा फळा बघ ना. तो नाश्ता विकून स्वयंसेवी दलाच्या बंबाचा खर्च निघतो. इथे आग लागली तर पगारी फायर ब्रिगेड येत नाही. शेजारचा प्लंबरच हातातलं काम टाकून बंब काढतो. शिकारीचा मोसम नसता तर या गावातली माणसं नोव्हेंबरात एकमेकांना भेटलीही नसती. पूर्वी रायफलचा मोसम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा. १९६३ पासूनची ती रीत. त्या दिवशी कितीतरी शाळा बंद. २०१९ मध्ये तो शनिवारवर आणला तर लोक केवढे भांडले! कुठल्या सणाची तारीख कोणी बदलली की असं भांडण होतं, सांग बरं?

आत्या : सण आहे हे मला मान्य. सणात बळी कोणाचा, एवढंच विचारतेय.

(तळ्याचं पाणी का उतरवतात, हे आत्यांनी मला वेगळं विचारलं. हिवाळ्यात बर्फ जाड होऊन लाकडी धक्क्यांना ढकलतं, त्यांचे खांब उखडतं, म्हणून आधीच पातळी खाली आणायची. काठाचा चिखल उघडा पडला की रात्री रॅकून येऊन त्यात शिंपले चाचपतात. सकाळी त्यांच्या पावलांचे ठसे लहान मुलाच्या पंजांसारखे दिसतात.)

दाण्याच्या डब्यांचा विषय निघाला तो अस्वलांमुळे. काळं अस्वल शरदात दिवसाला वीस हजार कॅलरींपर्यंत खातं. हिवाळाभर बिळात उपाशी राहायचं, मादीला तर जानेवारीत तिथेच पिल्लं व्हायची. पक्ष्यांसाठी टांगलेल्या डब्यातले सूर्यफुलाचे दाणे तिला आयतेच मिळतात. एकदा घराची वाट कळली की मग कचऱ्याचा डबा, मग गॅरेज. या राज्यात अस्वलाला मुद्दाम खायला घालणं गुन्हा आहे.

भाचा : सत्तरच्या दशकात अख्ख्या राज्यात चार हजारांच्या आसपास अस्वलं होती. आज पंधरा हजारांच्या वर आहेत. शिकार चालू असताना वाढली, हे लक्षात घे. रायफलच्या मोसमात अस्वल मारलं की ते तपासणी केंद्रावर न्यावंच लागतं. तिथे वजन करतात, आणि एक छोटा दात काढून घेतात. तो दात आडवा कापला की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात, त्यावरून वय कळतं. इतकी नोंद तुमच्या मेळघाटात होते का?

आत्या : मेळघाटात आम्ही दात न काढता मोजतो. पण दाताचं खरंच छान आहे. मला बघायला आवडेल.

त्या गेल्याही बघायला, नोव्हेंबरात. परत आल्या त्या गप्पगप्प होत्या. केंद्रावर ट्रकच्या मागे झोपवलेलं एक मोठं नर अस्वल होतं, आणि शाळकरी मुलं त्याच्या पंजावर आपला हात ठेवून फोटो काढत होती, एवढंच त्यांनी सांगितलं. तिथल्या जीवशास्त्रज्ञ बाईंशी मात्र अर्धा तास बोलून आल्या होत्या.

खरा वाद पैशावरून पेटला. अशा वादात आमच्या घरात आवाज चढतो.

भाचा : माझा परवाना एकवीस डॉलरचा, त्यातही तीन सेंट कमी. बंदुका आणि काडतुसांवर केंद्राचा अकरा टक्के कर आहे, पिस्तुलावर दहा. १९३७ च्या कायद्याने तो पैसा राज्यांना वन्यजीवांसाठीच जातो. इथलं गेम कमिशन १८९५ चं, आणि त्याला राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून छदाम मिळत नाही. १९२० मध्ये त्यांनी पहिली जमीन घेतली, आज पंधरा लाख एकर आहे. त्यावर तुझ्यासारखे पक्षी बघणारे फुकट फिरतात. दुर्बिणीवर कर लावा म्हटलं की तेच लोक ओरडतात.

आत्या : लावा की. मी देईन.

भाचा : तू देशील. बाकीचे?

आत्या : बाकीच्यांचं मी कसं सांगू? पण जो पैसा देतो त्याच्या मर्जीने रान चालतं, यात तुला काही खटकत नाही? शिकाऱ्याच्या पैशावर चालणारं खातं शिकाऱ्याला आवडेल तेच रान राखणार. तुझ्याच गेम कमिशनने १९२९ साली गोसहॉक ससाण्यावर पाच डॉलरचं इनाम लावलं होतं. का? तर तो शिकाऱ्याची ग्राउज कोंबडी खातो म्हणून.

हे ज्ञान ताजं होतं. सप्टेंबरच्या मधल्या आठवड्यात मी आत्यांना हॉक माउंटनला नेलं होतं. किटाटिनी डोंगराच्या कण्यावरचं ते खडकाळ टोक. उत्तरेतून दक्षिणेकडे निघालेले शिकारी पक्षी डोंगराच्या अंगाला आदळून वर उठणाऱ्या वाऱ्यावर पंख न हलवता जातात. एकेकाळी शिकारी याच खडकांवर बसून त्यांना शेकड्यांनी पाडायचे, खायला नाही, मजेसाठी आणि इनामासाठी. ओळीने मांडलेल्या मेलेल्या पक्ष्यांची छायाचित्रं पाहून न्यूयॉर्कच्या रोझली एज या बाईंनी १९३४ मध्ये तो डोंगरच भाडेपट्ट्यावर घेतला आणि मॉरिस ब्राउन यांना राखणीला बसवलं. शिकारी पक्ष्यांसाठी राखलेली जगातली ही पहिली जागा. ब्राउन तिथे बसल्याबसल्या रोज पक्षी मोजू लागले. तरुण गरुडांची संख्या घटत चालल्याचं त्या आकड्यांत दिसलं, आणि रेचल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये डीडीटीविरुद्धच्या पुराव्यांत ते वापरले. आत्या खडकावर पाय पसरून बसल्या होत्या. ब्रॉड-विंग्ड हॉकचा एक थवा गरम हवेच्या झोतात गोल गोल चढत गेला, माथ्याला पोचला आणि तिथून एकामागून एक सुटून दक्षिणेला घरंगळला. शेजारचे म्हातारे गृहस्थ पुटपुटत मोजत होते. त्यांच्या डोक्यावरच्या टोपीवर रायफल कंपनीचं चिन्ह होतं, हेही मी इथे नोंदवते.

भाचा : १९२९ चं मला कशाला ऐकवतेस? सलीम अलींनी दहा-बारा वर्षांचे असताना छर्‍याच्या बंदुकीने चिमणी मारली, गळ्याखाली पिवळी दिसली म्हणून घेऊन गेले बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, आणि तिथून सगळं सुरू झालं. बंदुकीच्या वाटेनेही माणूस रानात शिरतो.

आत्या : शिरतो. आणि शहाणा असेल तर पुढे दुर्बीण घेतो. सलीम अलींनी अभ्यासासाठी जन्मभर पक्षी मारले, हे मला सांगायला नको. त्यावर मी बोललेही नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. तुम्ही रान राखता म्हणता ना? मग चल, तुझं रान दाखव. हरीण नको, रान दाखव.

त्या रविवारी आम्ही तिघं निघालो. रविवार पूर्वी बिनशिकाऱ्यांचा वार होता. एकोणिसाव्या शतकापासूनच्या कायद्याने रविवारी शिकारीला जवळजवळ मज्जाव होता. २०२० पासून तीन रविवार मोकळे झाले, २०२५ मध्ये बंदीच उठली. नवऱ्याने आत्यांना नारिंगी जाकीट आणि टोपी चढवली. घरापासून दीडशे यार्डांत बंदूक चालवायची नाही असा नियम आहे, धनुष्यबाणाला पन्नास यार्ड. पण रानात शिरल्यावर नियम कोणाला दिसतो? नारिंगी दिसतं.

पहिलाच थांबा पांढऱ्या ओकखाली. एक करडी खार एकॉर्न हातात धरून फिरवत होती. टोकाशी दोन-तीनदा कुरतडून तिने ते पुरलं. आत्यांनी खाली बसून ते उकरलं आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं.

आत्या : बघ. अंकुराची जागा कातरून टाकलीय. पांढऱ्या ओकचं बी पडल्या पडल्या, शरदातच रुजतं. रुजलं तर खारीची बेगमी वाया. म्हणून ती आधी त्याला मारते, मग पुरते. लाल ओकचं बी वसंतापर्यंत थांबतं, त्याला ती तसंच पुरते. तुझ्या सावजालाही पांढऱ्याचंच जास्त आवडतं, त्यात कडवटपणा कमी.

भाचा : म्हणून तर माझं मचाण इथे आहे.

मचाण म्हणजे झाडाला पट्ट्याने बांधलेली लोखंडी खुर्ची. तिच्याखाली जमिनीवर बैठकीएवढा पाचोळा खुरांनी उकरून काढलेला होता, आणि नेमकी त्याच्यावर लोंबणारी फांदी चघळून मोडलेली. नराची ही खूण. नोव्हेंबरच्या मध्याला माज ऐन भरात येतो तेव्हा तो अशा जागा करत फिरतो. पलीकडे मनगटाएवढ्या एका रोपाची साल शिंगांनी घासून सोललेली होती, आतलं लाकूड ओलं आणि पिवळसर. सप्टेंबरात शिंगांवरची मखमल झडते तेव्हापासून हे घासणं चालतं. नवऱ्याने ते रोप इतक्या कौतुकाने दाखवलं, की मलाही दोन क्षण शिकार कळल्यासारखी वाटली.

आत्यांचं लक्ष भलतीकडेच होतं.

आत्या : हे एक रोप दाखवलंस. दुसरं दाखव.

भाचा : म्हणजे?

आत्या : शंभर वर्षांचे ओक वर आहेत, मान्य. त्यांच्या खाली वीस वर्षांचे कुठे आहेत? पाच वर्षांचे? इथे तर गुडघ्यापर्यंत नुसतं नेचं आहे, पार त्या उतारापर्यंत.

त्यांनी पिवळं पडत चाललेलं नेच्याचं पान चुरगळून आमच्या नाकाशी धरलं. वाळल्या गवताचा गोडसर वास. इथले लोक त्याला गवताच्या वासाचं नेचं म्हणतात. हरणं ते खात नाहीत. बाकी सगळं खातात, म्हणून नेच्याला रान मोकळं मिळतं, आणि त्याची सावली इतकी दाट की वरून पडलेलं बी खाली रुजत नाही.

उतारावर, ओढ्याशी, एका वनाधिकाऱ्याच्या सल्ल्याने क्लबाने काही वर्षांपूर्वी केलेला एक तुकडा आहे. आठ फुटी जाळीचं कुंपण, आत मोठी खोली बसेल एवढी जागा. सभासद तिकडे फिरकत नाहीत, कारण तिथे हरीण नसतं. जाळीच्या आत कंबरेएवढे ओक होते, लाल मेपल होते, ब्लॅकबेरीची जाळी होती. जाळीच्या बाहेर, बोटभर अंतरावर, नेचं. मध्ये फक्त तार.

आत्या : तुझं हॉक माउंटन तू मला दाखवलंस (हे मला उद्देशून), माझं हे. इथे उभं राहून सांग, रान कोण राखतंय?

भाचा : हरणं जास्त झालीत हे आम्हालाही कळतं. म्हणूनच तर मारतो.

आत्या : नर मारता. शिंगांचे. एक नर किती माद्यांना पुरतो ते तुला मी सांगायला हवं? चांगलं खाऊनपिऊन असलेली मादी जूनच्या सुमारास जुळी देते. दहा नर मारलेस तरी पुढच्या वर्षी पिल्लं तेवढीच. संख्या कमी करायची तर मादी मारायला हवी. आणि फळ्यावर पैज कशाची लागलीय? शिंगांची! मी इतके दिवस समजत होते की तुम्ही फार मारता म्हणून मला त्रास होतोय. तुम्ही पुरेसं मारत नाही.

एरवी लगेच उत्तर देणारा माझा नवरा ओढ्यावरचा दगड पायाने हलवत राहिला. मग त्याने जे सांगितलं ते त्याने क्लबातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं होतं, आणि ते आत्यांच्याच बाजूचं होतं, ही त्याची सचोटी.

भाचा : मादी मारायची नाही हे इथे बोकाळलंय त्याला कारण आहे. एकोणिसावं शतक संपताना या राज्यात हरीण दिसलं तर बातमी व्हायची. १९०६ पासून मिशिगनहून वगैरे हरणं आणून सोडली. १९०७ मध्ये कायदा केला, मादीला हात लावायचा नाही. त्याने हरणं वाढली. वाढली ती इतकी, की १९२३ पासून माद्यांसाठीही परवाने द्यायला लागले. पण तोवर बापाने मुलाला शिकवलं होतं, मादी सोडायची. आजोबांच्या डोक्यातलं काढणं सोपं नाही. गॅरी ऑल्ट नावाचे जीवशास्त्रज्ञ होते, इथल्याच अस्वलांवर काम करून नावारूपाला आलेले. १९९९ मध्ये त्यांच्याकडे हरणांचं खातं दिलं. ते गावोगाव सभा घेऊन सांगायचे, कोवळे नर सोडा, माद्या मारा, रान वाचेल. २००२ मध्ये शिंगाच्या टोकांचा नियम आला, बहुतेक भागांत एका बाजूला किमान तीन टोकं असल्याशिवाय नर मारायचा नाही. माद्यांचे परवानेही वाढवले. शिकाऱ्यांना रानात हरणं कमी दिसायला लागली आणि लोक इतके भडकले, की ऑल्टना सभेला बुलेटप्रूफ जाकीट घालून जावं लागलं. २००४ च्या शेवटी त्यांनी नोकरी सोडली.

आत्या : म्हणजे शिकाऱ्यांनी शिकार वाढवायला सांगणाऱ्यालाच पळवलं.

भाचा : हो. तसंच.

इथे मी तोंड घातलं. शिकारी शेवटी हरणं बघायला रानात जातो, त्याला रिकामं रान कसं आवडेल? नेचं मोजायला कोणी पहाटे चारला उठत नाही. आमच्या मागच्या घरातले गृहस्थ तर अंगणात मका टाकतात, हरणं जवळून दिसावीत म्हणून.

आत्या : ते तर थांबवायलाच हवं. ती जीवशास्त्रज्ञ बाई त्या झिजून मरण्याच्या रोगाबद्दल सांगत होती. २०१२ पासून या राज्यात सापडतोय. हरीण वाळत जातं, लाळ गळते, औषध नाही. लाळेतून, मुतातून पसरतो, आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो. एका ढिगाऱ्यावर वीस हरणांना तोंड घालायला लावणं म्हणजे रोगाला पंगत वाढणं आहे.

भाचा : मग तूच सांग, तुझ्या मते काय करायचं? लांडगे इथे एकोणिसाव्या शतकात इनामं लावून संपवले. प्यूमा संपवले. कोयोट आलेत, ते पिल्लं नेतात, पण पूर्ण वाढलेल्या हरणांवर त्यांचा फारसा इलाज नाही. मेळघाटात वाघ आहे, बिबट्या आहे, रानकुत्री आहेत. इथे नोव्हेंबरातला वाघ मीच आहे, एकवीस डॉलर भरून.

आत्या : मग वाघासारखं वाग. वाघ शिंगं बघून सावज निवडत नाही.

मला वाटतं, अख्ख्या मुक्कामातलं हे सगळ्यात नेमकं वाक्य होतं. पण आत्यांनी त्यानंतर जे म्हटलं ते मला पटलं नाही. त्या म्हणाल्या, हे काम हौशी लोकांकडे ठेवूच नये, सरकारने पगारी नेमबाज आणावेत, रात्री शांतपणे माद्या टिपाव्यात, मांस अनाथाश्रमाला द्यावं, आणि पैजा, नाश्ते, फोटो सगळं बंद करावं. काही वसाहती तसं करतातही. पण त्याला पैसा लागतो, आणि तो सभासदांच्या वर्गणीतून येतो. शिवाय इथे ‘शिकाऱ्यांचा वाटा’ अशा अर्थाच्या नावाची एक योजना १९९१ पासून आहे. जादा हरीण ठरलेल्या खाटकाकडे नेलं की ते मांस गरजूंच्या अन्नछत्राला जातं. हौशी माणसाकडूनही काम होतं, त्याला नेमकं काय करायचं ते सांगायला हवं. आपल्याकडचं आठवा. विदर्भात रोही आणि रानडुक्कर उभं पीक लोळवतात, सरकार शेतकऱ्याला अर्जावर मारायची परवानगी देतं, आणि बंदूक कोणाकडे नसते. १९७२ च्या कायद्याने शिकार थांबवली ते योग्यच झालं, पण रान आणि शेत यांच्या मधल्या पट्ट्याचं काय करायचं, हे आपण त्या शेतकऱ्यावरच ढकललं. आत्यांना मी हे बोलून दाखवलं. त्यांनी ‘तेही खरंच’ म्हटलं आणि विषय बदलला.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी क्लबात शिकारीचं जेवण असतं. धनुष्यबाणाच्या मोसमात मारलेल्याचं. लांब टेबलावर हरणाच्या मांसाची मिरची-राजमा घातलेली चिली, अस्वलाचा स्ट्यू, धुरी दिलेली टर्की. आमच्याकडून मी सावजी केलं. हरणाच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते. मोठ्या आचेवर ते चामड्यासारखं होतं, म्हणून तेल सढळ घालून मंद आचेवर चार तास ठेवलं. खसखस, सुकं खोबरं, काळी मिरी, दगडफूल सगळं आत्यांच्या पेटीतलं. बसच्या ड्रायव्हरने तीनदा वाढून घेतलं आणि डोळे पुसत विचारलं, हे कुठल्या नराचं? नवऱ्याने सांगितलं, मादीचं. ती त्यानेच मारलेली होती, त्याच महिन्यात, दुसऱ्या मचाणावरून. मला त्याने तोवर सांगितलं नव्हतं. आत्यांनाही नाही.

आत्यांनी ताटातून वर पाहिलं, काही म्हणाल्या नाहीत, आणि रस्सा संपवला.

पुढच्या आठवड्यात क्लबाच्या बैठकीत नवऱ्याने ठराव मांडला : जो मादी मारेल त्याची पैजेची वर्गणी परत, आणि सगळ्यात मोठ्या शिंगांच्या बरोबरीने सगळ्यात जास्त माद्यांना बक्षीस. निवृत्त शिक्षिकेने अनुमोदन दिलं. दोघा म्हाताऱ्यांनी टेबलावर हात आपटले. मागच्या घरातले मकावाले गृहस्थ उठून गेले. शेवटी ठराव वसंतातल्या सर्वसाधारण सभेकडे ढकलला, आणि जाळीचा तुकडा तिप्पट करण्याचा खर्च मात्र लगेच मंजूर झाला. तो आत्यांच्या नावावर जमा धरायला हरकत नाही. यंदाची पैज प्लंबरने जिंकली, आठ टोकांच्या नरावर.

या राज्यात शिकारीचे परवाने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तेरा लाखांच्या घरात होते. आता ते नऊ लाखांच्या आत आहेत, आणि घेणारे म्हातारे होत चाललेत. शिकार नको म्हणणाऱ्यांनी, आणि हवी म्हणणाऱ्यांनीही, हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. दुर्बिणीवर कर लावायची वेळ येईल तेव्हा आत्यांसारखं ‘लावा’ म्हणणारे किती निघतात ते दिसेलच.

आणि पानं बघायला येणाऱ्या मंडळींना एक विनंती. १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या काळात गेम कमिशनच्या जमिनींवर, म्हणजे गेम लँड्सवर, पाऊल टाकणार असाल तर डोक्यावर, छातीवर, पाठीवर मिळून अडीचशे चौरस इंच भडक नारिंगी कापड अंगावर असणं कायद्याने बंधनकारक आहे, शिकारी नसलात तरीही. संध्याकाळी गाडी हळू चालवा, माजातला नर रस्ता बघत नाही. घरी परतल्यावर मुलांचे पाय गुडघ्यामागे तपासा, इथल्या काळ्या पायांच्या गोचिडी थंडीतही चावतात आणि लाइमचा आजार देतात. आणि गाडी थांबवून वर पानांचे फोटो काढून झाले की एकदा खालीही बघा. झाडांखाली कंबरेएवढी रोपं दिसतात की नुसतं पिवळं नेचं, ते मोजायला तिकीट लागत नाही.